साखरपुड्यातली संत: जियान्ना बेरेत्ता आणि पिएत्रो मोल्ला

कॅथलिक मुलींसमोर शालीन पोशाखाचा विषय निघाला की बोलणं लगेच मापांवर येतं. गळा किती खोल चालेल, बाही कुठपर्यंत हवी, मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, जीन्स घालावी का, लग्नाच्या गाऊनला बाह्या नसल्या तर फादर काय म्हणतील. प्रेमाचा विषय निघाला की सावधगिरीच्या सूचना सुरू होतात. श्रद्धेचा निघाला की जपमाळ, पापस्वीकार, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) यांची आठवण करून दिली जाते. शाळेत तीन तासांना तीन वेगळे शिक्षक यावेत आणि कोणी कोणाशी बोलू नये, तसं हे चालतं.

मुलीच्या आयुष्यात मात्र हे तिन्ही एकाच संध्याकाळी येतात. ज्याच्यावर जीव जडलाय त्याच्या घरी पहिल्यांदाच जेवायला जायचंय. ती कपाट उघडून उभी आहे आणि मनात प्रार्थनाही चालू आहे. काय घालू, त्याच्या आईला मी कशी वाटेन, हे नातं देवाला मान्य आहे का, या प्रश्नांची तिला तेव्हा वेगवेगळी खाती करता येत नाहीत. लग्नाआधीच्या मार्गदर्शन वर्गात मी अशा मुलींशी बोलते. आपण त्यांना दिलेलं शिक्षण तुकड्यातुकड्यांनी दिलेलं आहे, हे तेव्हा फार जाणवतं.

म्हणून इथे एकच प्रकरण सविस्तर मांडते आहे. ते नियमाचं नसून एका माणसाचं आहे: संत जियान्ना बेरेत्ता मोल्ला. आपल्याकडे तिची ओळख आहे ती बहुतेक तिच्या शेवटच्या आठवड्यापुरती. पोटातल्या बाळासाठी स्वतःचा जीव धोक्यात घालणारी आई. ती ओळख खरीच आहे, पण बावीस वर्षांच्या मुलीला त्या दाराने आत जाणं अवघड वाटतं. ती दुरून हात जोडते आणि पुढे निघून जाते. मला तिला दुसरं दार दाखवायचं आहे: ८ डिसेंबर १९५४ ते २४ सप्टेंबर १९५५. ओळख, प्रेम, साखरपुडा, लग्न, सगळं या साडेनऊ महिन्यांत झालं आणि त्या काळातली तिची पत्रं आज उपलब्ध आहेत.

आधीची जियान्ना

जियान्नाचा जन्म ४ ऑक्टोबर १९२२ रोजी मिलानजवळच्या माजेंता गावी झाला. (कापडाच्या दुकानात आपण ज्याला मजेंटा म्हणतो, त्या रंगाला नाव मिळालं ते या गावाजवळ १८५९ साली झालेल्या लढाईवरून.) तेरा भावंडांतली ती दहावी. घरात रोजच्या मिस्सेची सवय होती. १९४२ साली, ती एकोणीस वर्षांची असताना, आई आणि वडील दोघेही काही महिन्यांच्या अंतराने गेले. पुढे तिने वैद्यकीचं शिक्षण पूर्ण केलं, १९४९च्या नोव्हेंबरात पाविया विद्यापीठाची पदवी घेतली, १९५० मध्ये मेझेरो गावात स्वतःचा दवाखाना उघडला आणि १९५२ मध्ये बालरोगतज्ज्ञ झाली.

तिच्या मनात लग्न पहिल्यापासून ठरलेलं नव्हतं. एक भाऊ, फादर आल्बेर्तो, ब्राझीलमधल्या ग्राजाऊ इथे कापुचिन या संन्यासी संघाचा मिशनरी डॉक्टर होता. बहीण विर्जिनिया कनोसियन संघाची सिस्टर झाली, डॉक्टरही झाली आणि मिशनकार्यासाठी भारतात आली. जियान्नालाही भावाकडे जायचं होतं. तिकडे स्त्रियांना तपासायला बाईमाणूस डॉक्टर हवी होती. पण तिची प्रकृती त्या हवेत टिकणारी नव्हती आणि तिच्या आध्यात्मिक मार्गदर्शकांनी तिला परावृत्त केलं. १९५४ हे मरियावर्ष, म्हणजे चर्चने मरियामातेला वाहिलेलं वर्ष, होतं. त्या वर्षी ती लूर्ड या फ्रान्समधल्या मरियातीर्थाला गेली, आपलं पाचारण कोणतं, म्हणजे देव आपल्याला कोणत्या जीवनासाठी बोलावतो आहे, हे विचारायला, असं तिचे जवळचे लोक सांगत.

प्रकरणाचा हा भाग वाचताना मुली घाई करतात, कारण अजून पिएत्रो आलेला नसतो. मी त्यांना इथेच थांबवते. बत्तिसाव्या वर्षी जियान्ना अविवाहित होती आणि तिचं आयुष्य कुठेही अडकून पडलेलं नव्हतं. दवाखाना होता, रुग्ण होते, कॅथलिक ॲक्शन या संघटनेतल्या मुलींचे वर्ग ती घ्यायची. डोंगर चढायची, बर्फात स्कीइंग करायची, पियानो वाजवायची, चित्रं काढायची, गाडी चालवायची. संगीताच्या मैफलींची आवड होती. नवरा मिळाला की जगायला सुरुवात करू, असं काही तिने ठेवलं नव्हतं. पाचारणाचा प्रश्न मात्र तिने मनापासून विचारला होता, अनेक वर्षं विचारला होता, आणि एक उत्तर नाकारलं गेल्याचं दुःखही पचवलं होतं. पुढे पिएत्रोसमोर ती जी मोकळी दिसते, त्याचं मूळ मला इथे दिसतं. जिला देवाशी "माझं काय करायचं" हे बोलून झालेलं असतं, तिला प्रेमात लपवाछपवी करावी लागत नाही.

८ डिसेंबर आणि नंतर

त्या दिवशी निष्कलंक मरियेचा सण होता. मेझेरोचे नवे फादर लिनो गारावाल्या यांची, फादर झाल्यानंतरची, पहिली मिस्सा होती आणि दोघांनाही आमंत्रण होतं. पिएत्रो मोल्ला बेचाळीस वर्षांचा, पोंते नुओवो इथल्या आगपेट्यांच्या मोठ्या कारखान्यात अभियंता आणि वरिष्ठ अधिकारी. त्याने तिला आधी एकदोनदा डॉक्टर म्हणून ओझरतं पाहिलं होतं. त्या दिवशी ते नीट भेटले. मरियामातेने आपल्याला आशीर्वाद दिला, भेट चांगली झाली, अशा अर्थाची नोंद त्याने त्या दिवसाबद्दल करून ठेवली आहे. भेटीगाठी वाढल्या. २० फेब्रुवारी १९५५ रोजी दोघांनी एकमेकांजवळ मन उघडं केलं.

दुसऱ्याच दिवशी जियान्नाने त्याला पहिलं पत्र लिहिलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा गाभा त्या एका पत्रात आहे.

ती सुरुवातीलाच परवानगी मागते: यापुढे तुला नावाने हाक मारू का, "तू" म्हणू का? काल आपण इतकं खरं बोललो, तेव्हा एवढी जवळीक घ्यायला हरकत नसावी, असं ती लिहिते. मग सांगते की तुला सुखी करावं, तुला हवी तशी व्हावं, असं मला वाटतं: चांगली, समजूतदार, आयुष्य जो त्याग मागेल त्याला तयार. आणि त्यापुढे ती जे लिहिते ते कुठल्याही शालीनतेच्या यादीत सापडणार नाही. मी फार प्रेमाची भुकेली आणि हळव्या मनाची आहे, हे तुला अजून सांगितलं नव्हतं, असं ती कबूल करते. आईवडील होते तोवर त्यांचं प्रेम पुरत होतं. ते गेल्यावर एका सिस्टरमध्ये तिला आई मिळाली. आता तू आहेस, माझं तुझ्यावर प्रेम आहे, आणि खऱ्या अर्थाने ख्रिस्ती कुटुंब उभं करण्यासाठी मी स्वतःला तुला देऊ इच्छिते.

वाचताना लक्षात घ्या की हे पत्र १९५५ सालच्या, कडक वातावरणात वाढलेल्या, मुलींना शुद्धतेवर व्याख्यानं देणाऱ्या डॉक्टरबाईने लिहिलेलं आहे. प्रेम आधी कोणी बोलायचं, मुलीने किती उघड करायचं, "भाव खायचा" की नाही, असल्या हिशेबांचा त्यात मागमूस नाही. पण ती सैलही नाही. "तू" म्हणायच्या आधी ती विचारते. आधी आदल्या दिवशीचं खरं बोलणं, मग त्या बोलण्यातून आलेली जवळीक, हा क्रम ती पाळते. मला हीच शालीनता वाटते, आणि कपड्यांची शालीनता याच मुळातून फुटते असं माझं ठाम मत आहे. समोरच्याला आपण किती आणि केव्हा उघडं करून द्यायचं, ते कोणत्या विश्वासावर द्यायचं, याचं भान जसं पत्रात असतं तसंच पेहरावात असतं. लाज वेगळी. लाजेने लिहिलेल्या पत्रात ही मुलगी आपल्याला दिसलीच नसती.

नंतरच्या एका पत्रात ती त्याला सांगते की माझं काही चुकलेलं दिसलं तर मला सांग, सुधार, मी त्याबद्दल कायम ऋणी राहीन. काही मुलींना हे वाक्य खटकतं आणि का खटकतं ते मला समजतं. नवऱ्याने बायकोला सुधारायचं, हे आपण फार ऐकलेलं आहे. पण हे तिने आपणहून मागितलेलं आहे, ज्याच्यासमोर ती आधीच पूर्ण खरी झाली आहे अशा माणसाकडे. मागितलेली दुरुस्ती आणि लादलेली दुरुस्ती यांत जमीनअस्मानाचं अंतर आहे, हे मुलींनी ओळखून ठेवावं. जो मुलगा ओळखीच्या पहिल्याच महिन्यात "हा टॉप बदलून ये" म्हणतो, तो हे पत्र दाखवून सुटू शकत नाही.

त्या काळची हवा

जियान्ना नियमांच्या जगापासून लांब वाढली असती तर तिचं उदाहरण फारसं उपयोगी पडलं नसतं. ती तर त्या जगाच्या मधोमध होती. १२ जानेवारी १९३० रोजी, पोप अकरावे पायस यांच्या काळात, रोमहून बिशपांना स्त्रियांच्या असभ्य पोशाखाबद्दल परिपत्रक गेलं होतं. इंटरनेटवर आज फिरणारं माप, म्हणजे गळ्याच्या खळगीखाली दोन बोटं, बाही निदान कोपरापर्यंत, झगा गुडघ्याच्या खाली, तेही त्याच काळातलं म्हणून सांगितलं जातं. पोप बारावे पायस यांनी १९४० साली कॅथलिक ॲक्शनच्या मुलींशी बोलताना पोशाख आणि शुद्धता हाच विषय घेतला होता. जियान्ना अगदी लहान वयात याच संघटनेत आली आणि पुढे तिने तिथल्या तरुणींचं नेतृत्व केलं.

दुसरीकडे युद्धातून बाहेर पडलेला इटली नटू लागला होता. १९४७च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये फॅशनकार दियोरचे घेरदार झगे आले. बरोबर चार वर्षांनी, १२ फेब्रुवारी १९५१ रोजी, फ्लोरेन्समध्ये जॉर्जिनी यांनी परदेशी खरेदीदारांना घरी बोलावून इटालियन पोशाखांचं पहिलं मोठं प्रदर्शन भरवलं आणि इटलीचं नाव जगाच्या फॅशनमध्ये गेलं. म्हणजे आजच्या मुलीसारखीच जियान्नाही दोन जोरदार आवाजांच्या मध्ये उभी होती.

पोप बारावे पायस यांचं ८ नोव्हेंबर १९५७चं भाषण मला इथे मोलाचं वाटतं. ते उंची फॅशनच्या व्यवसायातल्या लोकांसमोर झालं. पोशाखाची तीन कामं त्यांनी सांगितली: शरीराचं आरोग्य, शालीनता आणि शोभा. शोभेला त्यांनी यादीतून काढलं नाही. ती माणसाची रास्त गरज मानली आणि मग तिच्या मर्यादा सांगितल्या. आपल्या घरांत मुलीने आरशासमोर दोन मिनिटं जास्त काढली की तिला ऐकवलं जातं, त्या प्रत्येक वेळी मला हे तिसरं काम आठवतं.

मापाबद्दलही बोलते, नाहीतर मी प्रश्न टाळला असं वाटेल. माप निरर्थक आहे असं मी म्हणत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला कुठेतरी रेघ दाखवावी लागते. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जाताना काय घालावं याचा गावाने मिळून ठरवलेला संकेत पाळण्यात अपमान नाही. पण माप एका गावातून उचलून दुसऱ्या गावाला लावलं की ते खोटं पडतं. वसईतल्या आमच्या आज्या लाल लुगडं नेसायच्या, काष्टा मारून, कामाला सोयीचं, पोटरी उघडी. रोमच्या त्या मापाने त्या नापास. त्यांच्याइतक्या शालीन बायका मी पाहिलेल्या नाहीत. १९९२ साली आलेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या २५२४व्या परिच्छेदात हेच स्पष्ट म्हटलं आहे: शालीनतेची रूपं संस्कृतीप्रमाणे बदलतात, पण माणसाच्या प्रतिष्ठेची जाण म्हणून ती सगळीकडे असते. त्याच्या थोडं आधी पोशाखाची निवड शालीनतेतून व्हावी असंही सांगितलं आहे. कुठेही इंच आणि बोटं नाहीत.

तिचे कपडे

जियान्नाला चांगले कपडे आवडत. पिएत्रोने नंतरच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा सांगितलं की ती साधी आणि नीटनेटकी होती, तिचा पेहराव देखणा असे, आणि नव्या कपड्यांचं तिला कौतुक होतं. तिचे फोटो पाहिले की पटतं. व्यवस्थित बसवलेले केस, अंगाला नीट बसणारे कोट, चेहऱ्यावर मोकळं हसू. स्वतःला पुसून टाकणारी बाई तिथे दिसत नाही.

लग्नाच्या पोशाखाची गोष्ट तिच्या घरच्यांच्या आठवणींत येते. पांढऱ्या पोशाखासाठी तिने मुद्दाम उंची कापड निवडलं. कारण तिने असं दिलं की उद्या माझा एखादा मुलगा फादर झाला तर याच कापडातून त्याच्या पहिल्या मिस्सेचा झगा शिवता येईल. मुलींना मी ही गोष्ट सांगते तेव्हा शिवणकाम येणाऱ्या मुली लगेच कापडाचा विचार करतात: घेर किती असेल, पाठीमागची लांबी किती, कापून झग्याचा पन्ना निघेल का. निघावा म्हणूनच ते कापड भारी आणि भरपूर हवं होतं. स्वस्तातलं घेऊन "आम्ही साधे" असं दाखवणं तिच्या डोक्यात आलं नाही. एक दिवस नेसून कपाटात पडेल एवढ्यासाठीही तिने ते घेतलं नाही. नवरीच्या अंगावरून वेदीवर जाऊ शकेल असं कापड निवडायचं, तर ते आधी अंगावर असताना वेदीला शोभेलसं असायला हवं. दोन बोटांचं माप जे सांगू पाहतं ते यात आपोआप आलं, आणि शोभाही आली. नवऱ्या मुलीला गाऊन निवडताना विचारायला यापेक्षा चांगला प्रश्न मला अजून सापडलेला नाही.

(आपल्याकडे भाड्याने आणलेल्या गाऊनला हे कसं लावायचं, असं मुली विचारतात. भाड्याचा गाऊन घ्यायला काहीच हरकत नाही. फक्त वेदीसमोर वाकताना, गुडघे टेकताना, बसताना तो सतत वर ओढावा लागणार असेल तर त्या मिस्सेत तुमचं लक्ष गाऊनमध्येच राहील. दुकानात आरशासमोर उभं राहून बघण्याबरोबरच एकदा गुडघे टेकून बघा.)

तयारी

साखरपुडा ११ एप्रिल १९५५ रोजी, ईस्टरच्या सोमवारी झाला. पुढचे महिने घर लावणं, सामान, पाहुणे, दवाखाना आणि कारखाना यांत गेले, जसे कोणाचेही जातात. सप्टेंबरमध्ये जियान्नाने पिएत्रोला एक सूचना केली: लग्नसंस्काराच्या आधीचे तीन दिवस, २१, २२ आणि २३ तारखेला, आपण दोघांनी मिस्सा आणि ख्रिस्तशरीर (मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर) घेऊन मनाची तयारी करूया, तू पोंते नुओवोला आणि मी इथे आमच्या मरियामंदिरात. दोन वेगळ्या ठिकाणी, त्याच तीन दिवशी.

आपल्या लग्नांत हे तीन दिवस कशात जातात ते आठवा. हळद, पार्लर, केटरर, बँड, फोटोवाल्याच्या वेळा. मी त्यातलं काही बंद करायला सांगत नाही, ती आपली आनंदाची रीत आहे. पण सकाळची अर्धा तासाची मिस्सा आणि तिथे तोही आपल्या धर्मग्रामातल्या चर्चमध्ये त्याच वेळी बसला आहे ही जाणीव, एवढं कुठल्याही लग्नघरात बसू शकतं. यात खरा प्रणय आहे असं मी म्हटलं की मुली हसतात आणि मग गप्प होतात.

२४ सप्टेंबरला माजेंताच्या संत मार्तिनोच्या महामंदिरात लग्न झालं. लग्न लावलं तिचाच भाऊ फादर ज्युसेप्पे यांनी. ती आत आली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, असं पिएत्रो सांगत असे.

पुढे काय झालं

प्रकरणाचा निकाल साखरपुड्यात कळत नाही, तो संसारात कळतो. लग्नानंतर जियान्नाने दवाखाना सोडला नाही. पिएत्रोने सोडायला लावला नाही. १९५६, १९५७ आणि १९५९ साली तीन मुलं झाली. तो कामासाठी परदेशी जायचा आणि पत्रं चालूच राहिली. त्यांत ती त्याला मिलानकडच्या बोलीतल्या लाडक्या नावाने हाक मारते, "पेद्रिन दोर", माझा सोन्याचा पेद्रिन. लग्नाआधी "तू" म्हणायला परवानगी मागणारी तीच ही.

१९६१ मध्ये, चौथ्या वेळी दोन महिने झाले असताना, गर्भाशयात गाठ निघाली. गर्भाशय काढून टाकण्याचा उपाय चर्चच्या शिकवणीतही बसणारा होता, पण त्यात बाळ गेलं असतं. फक्त गाठ काढा, बाळ वाचवा, असं तिने सांगितलं. २१ एप्रिल १९६२ रोजी, ईस्टरच्या आदल्या शनिवारी, मुलगी जन्मली. २८ एप्रिलला जियान्ना गेली, एकोणचाळिसाव्या वर्षी.

याच काळातली एक आठवण पिएत्रोने सांगून ठेवली आहे आणि मला वाटतं ती प्रत्येक मुलीला माहीत असावी. बाळंतपण जवळ आलं होतं, धोका तिला डॉक्टर म्हणून पूर्ण कळत होता. पिएत्रो कामासाठी पॅरिसला निघाला तेव्हा तिने त्याला फॅशनची मासिकं आणायला सांगितली. त्याने आणली. तिने पानं चाळून आवडलेल्या कपड्यांवर खुणा केल्या. मी घरी परत आले तर हे शिवून घेईन, अशा विचाराने. मासिकं पिएत्रोने जपून ठेवली.

त्या खुणा करणारा हात आणि "बाळ वाचवा" म्हणणारा आवाज एकाच बाईचा आहे. संतपणासाठी तिला कपड्यांचा आनंद आधी टाकून द्यावा लागला नाही. तिने तो आनंद हातात धरला होता आणि मागितला गेला तेव्हा तो सोडायलाही ती तयार होती. १६ मे २००४ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी तिला संत म्हणून घोषित केलं तेव्हा नव्वदीतला पिएत्रो मुलांसह तिथे होता. तिच्या मध्यस्थीचा म्हणून मान्य झालेला पहिला चमत्कार ब्राझीलमधल्या त्याच ग्राजाऊ इथला, जिथे तिला जायला मिळालं नव्हतं.

पिएत्रोकडे कोणी बघत नाही

हे प्रकरण मांडताना बहुतेक जण पिएत्रोला फोटोतल्या कोपऱ्यात ठेवतात. मला ते बरोबर वाटत नाही. बेचाळिसाव्या वर्षापर्यंत तो चांगली सहचारिणी मिळावी म्हणून प्रार्थना करत राहिला. तिचं काम त्याला अडचण वाटलं नाही. बायकोच्या कपड्यांची हौस त्याला श्रद्धेच्या आड येणारी वाटली नाही, तो स्वतः मासिकं घेऊन आला. तिच्यामागे जवळजवळ अठ्ठेचाळीस वर्षं तो जगला आणि मुलं वाढवली, त्यातली एक तिच्यानंतर दोनच वर्षांत गेली तेही सोसलं.

शालीनतेचा धडा आला की आपण मुलग्यांना बाहेर पाठवतो, जणू हा मुलींच्या शिलाईचा प्रश्न आहे. ज्याच्यासमोर मुलगी "मी प्रेमाची भुकेली आहे" असं लिहू शकते असा मुलगा कसा घडतो, हे शिकवायला आपल्याकडे तास नाही. वर्गात मी आता तो भाग दोघांना एकत्र बसवून घेते. मुलग्यांना मी फेब्रुवारीचं पत्र वाचून दाखवते आणि विचारते, तुला असं पत्र आलं तर तू काय करशील? कोणाला दाखवशील? स्क्रीनशॉट काढशील? उत्तरं ऐकण्यासारखी असतात.

हे उदाहरण कुठे पुरत नाही

जियान्ना सुशिक्षित, खात्यापित्या घरची होती. उंची कापड घेणं तिला परवडत होतं. दोघं एकाच भागातले, एकाच श्रद्धेचे, वयाने पिकलेले. चोविसाव्या वर्षी, घरच्यांच्या दबावाखाली, कर्ज काढून लग्न करणाऱ्या मुलीला तिचं सगळं जसंच्या तसं लागू होणार नाही. तिला कापडाऐवजी दुसऱ्याच गोष्टींत ते धैर्य शोधावं लागेल, कधीकधी "इतका खर्च नको" असं ठणकावून सांगण्यात.

आणि एक प्रश्न तर या प्रकरणात येतच नाही, जो माझ्यापुढे वरचेवर येतो: तो कॅथलिक नाही. बाप्तिस्मा न झालेल्याशी देवळात लग्न करायचं तर बिशपांची सूट लागते, नाहीतर चर्चच्या दृष्टीने ते लग्न होत नाही. कॅथलिक बाजूला आपली श्रद्धा टिकवण्याचं आणि मुलांना बाप्तिस्मा देऊन कॅथलिक श्रद्धेत वाढवण्यासाठी आपल्याकडून होईल तेवढं सगळं करण्याचं वचन द्यावं लागतं, आणि या वचनाची दुसऱ्या बाजूला कल्पना द्यावी लागते. चर्चच्या कायद्याचा ११२५वा नियम तो हाच. बऱ्याच मुली हे त्याला शेवटच्या महिन्यात, फादरांच्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर सांगतात, आणि तिथेच भांडण होतं. "तू म्हणू का" याच्या आदल्या दिवशी जियान्ना आणि पिएत्रो जे बोलले, त्या बोलण्यात हे यायला हवं. मुलांचं नाव काय ठेवणार, रविवारी कुठे जाणार, माझी मिस्सा चुकणार नाही हे तुला चालेल का, तुझ्या घरच्या पूजेत माझ्याकडून काय अपेक्षा आहे. हे हॉल बुक होण्याआधी आणि गाऊनचं कापड बघायला जाण्याआधी बोलून घ्या. त्याला ऐकायला वेळ लागला तर लागू द्या.